रक्तातून दोन दिवसांत जाणारी गोळी आठवडाभर कशी पुरते?

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. बोटांची पेरं आणि मनगटं सुजून सकाळी तास-दीड तास मूठ वळेनाशी झाली, तेव्हा तपासण्या केल्या आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, निघाला. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम दुसऱ्या एका वारी आणि थोडे दिवस स्टिरॉइडची लहान मात्रा दिली. पाच आठवडे झाले, फारसा फरक नाही. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मळमळ मात्र होते. पाकिटातला कागद वाचला तर हे कॅन्सरचं औषध, फॉलेटच्या विरोधात काम करणारं. मग सोबत फॉलिक ॲसिड कशाला? शिवाय औषध एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातं म्हणे, मग उरलेले पाच दिवस मी कशाच्या भरवशावर? दीर म्हणतात, तीच मात्रा सात दिवसांत वाटून घे, पोटाला सोसेल. जाऊबाई म्हणतात, कॉफी सोड, ती औषधाला मारते. कारण कळल्याशिवाय माझ्याच्याने गोळी गिळवत नाही. घेऊ की सोडू?

उत्तर : आधी दिरांचा सल्ला, कारण त्यात जिवाला धोका आहे. मेथोट्रेक्सेट रोज घ्यायचं नाही, आठवड्याची मात्रा सात दिवसांत वाटूनही नाही. चुकून रोज घेतल्याने तोंडभर फोड येऊन, रक्तातल्या सगळ्या पेशी घसरून माणसं दगावली आहेत. त्यासाठी फार मोठी मात्रा लागत नाही, लहानशी गोळी दिवसामागून दिवस पोटात जात राहिली तरी पुरते. कारण खाली सांगतो, तोवर ठरलेला वार मोडू नका. आणि घेऊ की सोडू, याचं उत्तर : घ्या. फक्त पाळी चुकली असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल तर आधी शेवटचा परिच्छेद वाचा.

आता शंका. त्या रास्त आहेत, आणि हे औषध वापरणाऱ्या संशोधकांनाही त्यांनी बरीच वर्षं छळलं आहे. रसायनशास्त्र शिकवता, तर रेणूपासूनच सुरू करू. फॉलिक ॲसिडच्या रेणूत चौथ्या जागी जो ऑक्सिजन असतो, तिथे अमिनो गट बसवायचा आणि दहाव्या जागेच्या नायट्रोजनवर एक मिथाइल चढवायचा, की झालं मेथोट्रेक्सेट. एवढ्याशा फरकाने पेशीतलं डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम फसतं. फॉलेटच्या जागी ते याला धरतं आणि सहजी सोडत नाही. हे एन्झाइम अडकलं की फॉलेट आपल्या कामाच्या रूपात, म्हणजे टेट्राहायड्रोफोलेटमध्ये, परत येत नाही. ते नाही म्हणून थायमिडीन नाही, प्युरीन नाहीत, आणि डीएनए बनवायचा माल नसल्यामुळे पेशीचं विभाजन थांबतं.

कॅन्सरमध्ये नेमकं हेच हवं असतं. अमेरिकेतल्या लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं अमिनोप्टेरिन हे मेथोट्रेक्सेटचं थोरलं भावंड. ते देऊन सिडनी फार्बर यांनी १९४८ साली बोस्टनमध्ये रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांचा आजार, तात्पुरता का होईना, मागे हटवून दाखवला. सुजलेल्या सांध्यांना त्याने आराम पडतो हे १९५१ मध्येच नोंदलं गेलं होतं. पण तेव्हा कॉर्टिझोन या स्टिरॉइडचा बोलबाला होता, त्याच्या शोधकांना आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं, त्यामुळे ही नोंद तीसेक वर्षं कोपऱ्यात पडून राहिली. नीट चाचण्या झाल्या त्या १९८० च्या दशकात, आणि अमेरिकेत संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला रीतसर मान्यता मिळाली १९८८ मध्ये.

त्यामुळे पाकिटातला कागद खोटं बोलत नाही. फक्त मात्रेचं अंतर तो तुम्हाला जाणवू देत नाही. हाडाच्या एका कॅन्सरमध्ये हे औषध शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅम इतकं शिरेतून देतात, म्हणजे साधारण बांध्याच्या मोठ्या माणसाला एका वेळी वीसेक ग्रॅम. तुमची मात्रा आठवड्याला १५ मिलिग्रॅम, त्याच्या हजारावा भागही नाही. संधिवातात ७.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यानच सगळा कारभार चालतो. इतक्या लहान मात्रेत सांध्याच्या अस्तरातल्या पेशी मरत नाहीत, त्यांचं वागणं बदलतं.

कसं बदलतं, हे समजायला तुमचा ‘पाच दिवस कशाच्या भरवशावर’ हा प्रश्नच सोयीचा आहे. गोळीतलं मेथोट्रेक्सेट रक्तात काही तासच भरात असतं. बराचसा भाग मूत्रपिंडं जसाच्या तसा लघवीतून बाहेर टाकतात. थोड्या भागाचं यकृत ७-हायड्रॉक्सी मेथोट्रेक्सेट करतं, थोडा आतड्यातले जिवाणू मोडून निकामी करतात. दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी केली तर हाती फारसं काही लागणार नाही. पण त्या काही तासांत थोडं औषध पेशींच्या आत शिरलेलं असतं, फॉलेट ज्या वाहकाने आत जातं त्याच वाहकाने. आत गेल्यावर पेशी त्याच्याशी फॉलेटसारखंच वागते : फॉलिलपॉलिग्लुटामेट सिंथेज नावाचं एन्झाइम त्याच्या टोकाला ग्लुटामेट जोडू लागतं. मूळ रेणूत एक ग्लुटामेट असतोच. त्याचे दोन होतात, तीन होतात, पाचापर्यंत आणि क्वचित त्यापुढेही शेपूट वाढतं. प्रत्येक ग्लुटामेटसोबत ऋण भार वाढतो. असा भारित, लांब रेणू पेशीच्या पटलातून सहज बाहेर पडू शकत नाही, आणि बाहेर ढकलणारे पंपही त्याला नीट पकडू शकत नाहीत. तो आतच राहतो.

हे पॉलिग्लुटामेट म्हणजे खरं काम करणारं औषध. तुम्ही गिळता तो त्याचा कच्चा माल, आणि तयार माल तुमच्याच पेशी बनवतात. रक्तातली पातळी पाहून ‘औषध संपलं’ असं म्हणणं म्हणूनच चुकतं.

पेशीत दुसरं एक एन्झाइम हे शेपूट तोडतही असतं. जोडणं आणि तोडणं दोन्ही चालू, त्यामुळे साठा थेंबे थेंबे तळे साचे अशा गतीने वाढतो. हे लाल पेशींमध्ये मोजता येतं. प्रौढ लाल पेशीत शेपूट जोडणारं एन्झाइम नसतं. ती अस्थिमज्जेत तयार होत असतानाच हा माल आत भरला जातो आणि पेशीच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिच्याबरोबर फिरतो. लांब शेपटांचे रेणू स्थिर पातळीला पोचायला महिने लागतात. तुमचे झालेत पाच आठवडे. या औषधाचा गुण साधारण सहा ते बारा आठवड्यांत दिसू लागतो, तोवरचा दाह आवरावा म्हणूनच डॉक्टरांनी स्टिरॉइड जोडलं आहे. ते त्यांनी सांगितल्या गतीनेच कमी करायचं, मनाने नाही.

आता वाराचं कोडंही सुटतं. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा या सतत विभागणाऱ्या जागा आहेत. आठवड्यातून एकदा धक्का बसला तर मधल्या दिवसांत त्या सावरतात, आणि इकडे पेशींमधला पॉलिग्लुटामेटचा साठा मात्र टिकून राहतो. रोज गोळी गेली तर त्यांना उसंतच मिळत नाही. सोरायसिसमध्ये पूर्वी हे औषध रोज देऊन पाहिलं गेलं तेव्हा यकृताला इजा जास्त झाली, आठवड्याची पद्धत पुढे रूढ झाली त्यात या अनुभवाचा वाटा होता.

मग फॉलिक ॲसिड. तुमचा तर्क असा : औषध फॉलेट अडवून काम करतं, तर फॉलेट दिल्यावर काम थांबायला हवं. पण प्रत्यक्षात फॉलिक ॲसिड सोबत दिल्याने मळमळ कमी होते, यकृताची एन्झाइम चढण्याचं प्रमाण घटतं, औषध मध्येच सोडणाऱ्यांची संख्या कमी होते, आणि सांध्यांचा आराम मात्र बहुतांशी तसाच राहतो. म्हणजे दुष्परिणाम एका वाटेने येत असले पाहिजेत आणि गुण निदान बराचसा दुसऱ्या वाटेने. हा निष्कर्ष मला या औषधाच्या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

प्युरीन बनवण्याच्या साखळीच्या शेवटी शेवटी एक पायरी आहे, तिथे आयकार नावाच्या रेणूला फॉर्मिल गट जोडला जातो. ते करणारं एन्झाइम म्हणजे आयकार ट्रान्सफॉर्मिलेज. साधं, शेपूट नसलेलं मेथोट्रेक्सेट या एन्झाइमला जेमतेम अडवतं. पाच ग्लुटामेटवालं मात्र हजारपटींहून अधिक जोराने अडवतं. एन्झाइम अडलं की आयकार साचतं. साचलेलं आयकार आणि त्याच्यापासून बनणारा न्यूक्लिओसाइड मिळून आणखी दोन एन्झाइमांच्या आड येतात : एक एएमपी या छोट्या रेणूची विल्हेवाट लावणारं, दुसरं त्याच्याच कुळातल्या ॲडेनोसिनची. त्यामुळे एएमपी आणि ॲडेनोसिन वाढतात आणि पेशीबाहेर पडतात. बाहेर आलेल्या एएमपीचंही पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी७३ या एन्झाइममुळे ॲडेनोसिन होतं.

ॲडेनोसिन रक्तात काही सेकंदच टिकतं, पण जिथे दाह आहे तिथे तेवढंही पुरतं. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज आणि टी पेशी या रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींवर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश टिपणारी प्रथिनं, असतात. त्यातला ए२ए हा रिसेप्टर चेतवला गेला की पेशीतलं सायक्लिक एएमपी वाढतं आणि ती शांत होते. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१२ सारखे दाह भडकवणारे संदेश कमी, दाह शमवणारं इंटरल्युकिन-१० जास्त. ए२ए किंवा ए३ हे रिसेप्टर नसलेल्या उंदरांवर प्रयोग केले तेव्हा मेथोट्रेक्सेटचा दाहशामक गुण नाहीसा झाला. न्यूयॉर्कचे संशोधक ब्रूस क्रॉन्स्टीन यांनी हा विचार वर्षानुवर्षं लावून धरला, आणि आज तो सगळ्यात जास्त मानला जातो.

ही एकच वाट आहे असं मात्र समजू नका. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज अडल्याने टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा आणखी एक रेणूही कमी पडतो, आणि त्यामुळे खवळलेल्या टी पेशी लवकर मरणाला तयार होतात. साचलेलं आयकार पेशीतल्या ऊर्जेवर नजर ठेवणाऱ्या एएमपीके या एन्झाइमलाही जागं करतं. हे औषध सरसकट सगळा दाह कमी करतं असंही नाही. हृदयविकाराच्या, पण संधिवात नसलेल्या हजारो रुग्णांना लहान मात्रेत ते देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला : ना इंटरल्युकिन-६ उतरलं, ना सीआरपी (ही दोन्ही रक्तातली दाहाची मापं), ना हृदयविकाराचे झटके कमी झाले. संधिवाताच्या सांध्यात ज्या जातीचा दाह असतो, तिथे याची मात्रा लागू पडते.

फॉलिक ॲसिडकडे परत येतो. मेथोट्रेक्सेट ज्या वाहकाने पेशीत शिरतं, तो वाहक फॉलिक ॲसिडला फारसा जवळ करत नाही, त्यामुळे दारातच दोघांची झटापट होत नाही. वेगळ्या वाराला दिलेलं फॉलिक ॲसिड तोंडाच्या, आतड्याच्या, मज्जेच्या पेशींची फॉलेटची गरज भागवतं. फॉलिनिक ॲसिडचं मात्र तसं नाही. ते त्याच वाहकाने आत जातं, अडकलेल्या एन्झाइमला वळसा घालतं, आणि म्हणूनच कॅन्सरच्या मोठ्या मात्रांनंतर किंवा विषबाधेत उतारा म्हणून देतात. नावं जुळी आहेत, तेव्हा दुकानातून आणताना अक्षर न् अक्षर वाचा. आणखी एक खोच : मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड या दोन्ही गोळ्या पुष्कळदा पिवळ्या आणि बारीक असतात. दोन्ही एका डबीत ठेवू नका. मेथोट्रेक्सेट २.५ आणि १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत मिळतं, घरात एकच ताकद असू द्या. चिठ्ठीवर वाराचं नाव पूर्ण अक्षरांत लिहून मागा.

जाऊबाईंची कॉफी हवेतून आलेली नाही. कॅफीन ॲडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं. उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवर त्याने मेथोट्रेक्सेटचा गुण मावळताना दिसला आहे. माणसांत काही पाहण्यांत भरपूर कॉफी पिणाऱ्यांना आराम कमी वाटला, काहींत काहीच फरक पडला नाही. दिवसाचे एक-दोन कप सोडायला मी सांगणार नाही. पाच-सहा होत असतील तर कमी करा, झोपही सुधारेल.

मळमळीवर उपाय आहेत. गोळी रात्री जेवल्यावर घेऊन पाहा, त्रासाचे तास झोपेत जातात. डॉक्टरांच्या संमतीने त्याच दिवशी बारा तासांच्या अंतराने मात्रा दोन भागांत घेता येते. एका दिवसात दोन भाग आणि सात दिवसांत सात भाग यातला फरक दिरांना समजावून सांगा. तरीही जमलं नाही तर त्वचेखालचं इंजेक्शन आहे. त्याला कमीपणा मानू नका. १५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर आतडं गोळीतलं औषध पुरतं शोषून घेत नाही, इंजेक्शनने तेच औषध जास्त प्रमाणात पोचतं. पुढे मात्रा वाढवायची वेळ आली तर हा पर्याय तुम्हीच आठवणीने विचारा. एखाद्या आठवड्यात गोळी राहिली तर एक-दोन दिवसांत घेता येते. त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यायची, पुढच्या वारी दुप्पट घ्यायची नाही.

तपासण्या चुकवू नका. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृताची एन्झाइम आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पाहतात. क्रिएटिनिन सगळ्यात महत्त्वाचं, कारण औषध बाहेर टाकण्याचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल त्या आठवड्यात गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. दारू होता होईल तेवढी टाळा. एक प्रतिजैविक मात्र ध्यानात कोरून ठेवा : को-ट्रायमॉक्सॅझोल. त्यातलं ट्रायमेथोप्रिम हेही फॉलेटविरोधीच, दोन्ही एकत्र आली तर अस्थिमज्जेचं रक्तपेशी बनवण्याचं काम बसतं. लघवीच्या संसर्गासाठी किंवा कशाहीसाठी कुणी नवं प्रतिजैविक लिहून देत असेल तर आधी ‘मी मेथोट्रेक्सेटवर आहे’ हे सांगा. तोंड आलं, ताप आला, अंगावर निळसर डाग उमटले, कोरडा खोकला आणि धाप लागली, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

गुण येणारच याची हमी नाही. शेपूट जोडण्याची ताकद माणसागणिक वेगळी, आणि काहींना एकटं मेथोट्रेक्सेट पुरत नाही. तीन महिन्यांत ठळक सुधारणा दिसायला हवी आणि सहा महिन्यांत आजार जवळपास शांत व्हायला हवा, असा मापदंड आहे. तसं झालं नाही तर मात्रा वाढवतात किंवा दुसरं औषध जोडतात. जोडतानाही मेथोट्रेक्सेट सहसा काढत नाहीत. ॲडालिमुमॅबसारख्या जैविक औषधाविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं ती याच्यामुळे कमी बनतात, आणि ते महागडं औषध जास्त काळ लागू राहतं. तीन महिन्यांच्या भेटीला जाताना सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो आणि कोणकोणते सांधे सुजलेले आहेत हे लिहून न्या. ‘बरं आहे, पण फार नाही’ यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण वय पाहता विचारायला हवी. गर्भधारणेत हे औषध चालत नाही. गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं, गर्भपात होऊ शकतो, आणि सोबतच्या फॉलिक ॲसिडने ते टळत नाही. अंगावर पाजतानाही ते घेत नाहीत. औषध चालू असेपर्यंत खात्रीचं गर्भनिरोधक हवं, आणि मूल हवं असेल तर एक ते तीन महिने आधी ते थांबवून सल्फासॅलझिन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसारख्या चालणाऱ्या औषधांकडे वळतात. पेशींमध्ये साठा राहतो म्हणूनच ही आगाऊ मुदत. आत्ता पाळी चुकलेली असेल किंवा नुसती शंका जरी असेल, तर या आठवड्याची गोळी घेऊ नका. आधी चाचणी करा आणि डॉक्टरांना फोन करा.